शुभारंभानंतरही विद्यार्थ्याला थांबू द्या : नाट्यविभागांच्या अभ्यासक्रम समित्यांना खुले पत्र

प्रति,
नाट्यशिक्षण देणाऱ्या विभागांचे प्रमुख आणि अभ्यासक्रम समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, व्यावसायिक नाट्यसंस्थेत विद्यार्थ्याने काही काळ इंटर्न म्हणून काम करावे ही आपल्या अभ्यासक्रमातील तरतूद फार चांगली असली, तरी तिची मुदत नेमकी चुकीच्या दिवशी संपते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. सर्वसाधारणपणे विद्यार्थी तालमींच्या सुमारास रुजू होतो, रंगीत तालमी पाहतो, शुभारंभाच्या प्रयोगाला विंगेत उभा राहतो आणि त्यानंतर प्रमाणपत्र घेऊन वर्गात परततो. माझ्याही बाबतीत तेच व्हायचे होते. पण नाटक उतरेपर्यंत थांबण्याची तयारी आहे का, असे संस्थेने विचारले, विभागाने परवानगी दिली आणि मी थांबले. या पत्रात जे मांडणार आहे त्यातले बहुतेक सगळे मी शुभारंभानंतर शिकले, आणि नियमाप्रमाणे निघून गेले असते तर त्यातले काहीच माझ्या वाट्याला आले नसते. म्हणून माझी मागणी सुरुवातीलाच सांगून टाकते. इंटर्नशिप एकाच नाटकाशी बांधलेली असावी, ती पहिल्या तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत चालावी, आणि त्या काळात विद्यार्थी रंगमंच व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा.

वर्गात आम्ही नाटक बसवायला शिकतो. बसलेले नाटक टिकवायला आम्हाला कोणी शिकवत नाही, कारण ती वेळच येत नाही. विद्यार्थ्यांच्या नाटकाचे दोन-तीन प्रयोग होतात, सगळी शक्ती त्यांतल्या पहिल्या प्रयोगासाठी साठवलेली असते, आणि त्यात एखादी एन्ट्री हुकली किंवा ब्लॅकआऊट लवकर झाला तर तो पुढे स्नेहसंमेलनात सांगायचा किस्सा होतो. व्यावसायिक रंगभूमीवर चाळिसाव्या प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकाने पहिल्या प्रयोगाच्या प्रेक्षकाइतकेच पैसे मोजलेले असतात आणि त्याच्यासाठी तो पहिलाच प्रयोग असतो. हे वाक्य प्रत्येक नाट्यशिबिरात ऐकायला मिळते आणि ऐकून सोडून दिले जाते. पण ते अमलात आणण्यासाठी रोज संध्याकाळी किती माणसे काय काय करतात, हे पाहिल्यावर माझी नाटकाकडे बघण्याची दृष्टी बदलली.

तालमींच्या काळाविषयी फार लिहीत नाही, कारण तो भाग आपला अभ्यासक्रम बऱ्यापैकी सांभाळतो. नेपथ्याच्या आराखड्यावरून तालमीच्या खोलीतील जमिनीवर रंगीत टेपने पूर्ण मापाची खोली आखणे, प्रत्येक प्रवेशाला वेगळा रंग देणे, आणि टेपची भिंत ओलांडून आलेल्या नटाला दारातून यायची आठवण करून देणे, ही कामे मी केली आणि त्यांतून पुष्कळ शिकले. एकास पंचवीसच्या प्रतिकृतीत प्रशस्त दिसणारा जिना प्रत्यक्ष आखल्यावर दोन माणसांना एकमेकांच्या बाजूने जाता येणार नाही इतका अरुंद निघू शकतो, आणि हे सुतारकाम सुरू होण्याआधी कळलेले बरे असते, हा त्यातला एक धडा. पण हे सगळे विभागातही शिकता येते. त्यासाठी व्यावसायिक संस्थेचा उंबरठा ओलांडायची गरज नाही.

खरा फरक कुठे आहे, हे सांगण्यासाठी एकच क्यू, म्हणजे प्रयोगात प्रकाश किंवा ध्वनी बदलण्याचा ठरलेला इशारा, घेते. मी ज्या नाटकावर काम केले त्याच्या दुसऱ्या अंकात एक पात्र अंधाऱ्या खोलीत येते, टेबलापाशी जाते आणि टेबलावरचा दिवा लावते. प्रेक्षकांना वाटते की नटाने बटण दाबले आणि दिवा लागला. प्रत्यक्षात त्या बटणाला काहीही जोडलेले नव्हते. टेबलावरचा दिवा, त्याचाच उजेड पसरल्याचा भास निर्माण करणारे वर टांगलेले दिवे आणि खोलीच्या मागच्या भागात किंचित वाढणारा प्रकाश, हे सगळे प्रकाशनियंत्रण कक्षातील ऑपरेटर एका कळीने करत असे, आणि ती कळ दाबण्याची आज्ञा रंगमंच व्यवस्थापक हेडसेटवरून देत असत. काही वाक्ये आधी ‘स्टँडबाय’ आणि क्यूचा क्रमांक सांगितला जाई, ऑपरेटर ऐकल्याची पोच देई, आणि मग ठरलेल्या क्षणी ‘गो’ एवढाच शब्द येई. तो शब्द आज्ञेसाठी राखून ठेवलेला असल्यामुळे हेडसेटवरच्या इतर बोलण्यात तो कोणी चुकूनही उच्चारत नाही.

आता हा ठरलेला क्षण कोणता, हा प्रश्न उरतो. बोट बटणावर टेकल्यावर आज्ञा दिली तर उशीर झालेला असतो, कारण शब्द उच्चारायला, तो ऐकायला आणि कळ दाबायला थोडा का होईना वेळ लागतोच. म्हणून व्यवस्थापकांची नजर नटाच्या बोटांवर नसे, ती त्याच्या कोपरावर असे. कोपर अंगापासून सुटले की आज्ञा सुटली पाहिजे. दिवसभर दुसरीकडे काम करून नट दमून आलेला असला की ते कोपर सावकाश सुटे, आणि आधीच्या प्रवेशाला प्रेक्षकांनी दाद दिली असली की झटक्यात. दिव्यांना आज्ञा पोहोचवण्याच्या, १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स ५१२ या प्रमाणकामुळे एकाच केबलवरून ५१२ वाहिन्यांचे नियंत्रण करता येऊ लागले, आणि आजचा संगणकीय प्रकाशफलक कालचा प्रकाश आज टक्क्याचाही फरक न होता पुन्हा आणून देतो. प्रकाशाची तीव्रता यंत्राला पाठ असते. कोपर कधी सुटणार हे त्याला माहीत नसते. ते माणसाला रोज नव्याने पाहावे लागते. हा क्यू मी एकदाच, शुभारंभाला पाहिला असता तर मला त्यात ऑपरेटरने दाबलेली एक कळ दिसली असती. तो रोज पाहिल्यामुळे प्रॉम्प्ट बुकातली, म्हणजे हालचाली आणि क्यू टिपलेल्या व्यवस्थापकांच्या वहीतली, नोंद पेन्सिलने का करतात, आणि त्या नोंदीशेजारी ‘कोपर’ हा शब्द बारीक अक्षरांत का लिहिलेला आहे, ते समजले.

शुभारंभ झाला की दिग्दर्शक पुढच्या कामाला लागतात. ही व्यावसायिक रंगभूमीची रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण त्या दिवसापासून नाटक कोणाच्या ताब्यात जाते, हा प्रश्न आम्हाला कोणत्याही परीक्षेत कधी विचारला गेला नाही. ते रंगमंच व्यवस्थापकाच्या ताब्यात जाते. दिग्दर्शकाने जे ठरवले ते तसेच राहील, याची जबाबदारी त्या व्यक्तीवर असते, आणि त्यासाठी तिच्या हातात दोनच साधने असतात. पहिले प्रॉम्प्ट बुक, ज्यात प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक क्यू नोंदलेला असतो. दुसरे प्रयोगाचा अहवाल, जो प्रत्येक प्रयोग संपल्यावर त्याच रात्री लिहिला जातो. पडदा किती वाजता उघडला, पहिला अंक किती मिनिटे आणि सेकंद चालला, मध्यंतर किती लांबले, कोणता क्यू उशिरा पडला, कोणते वाक्य गळले, कोणाची प्रकृती बरी नव्हती, कोणती वस्तू मोडली, प्रेक्षक कसे होते, हे सगळे त्यात असते. काही आठवड्यांनी हा अहवाल लिहिण्याचे काम व्यवस्थापकांनी माझ्याकडे दिले, अर्थात स्वतः तपासून पाठवण्याच्या अटीवर.

सुरुवातीला हे काम मला कारकुनी वाटले. मग अहवाल एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर असे दिसले की, दुसरा अंक हळूहळू लांबत चालला आहे. एका प्रयोगात काही सेकंद, आणखी काही प्रयोगांनंतर मिनिटभर, पुढे त्याहून जास्त. कोणी नवीन वाक्य घातले नव्हते, कोणी चूक करत नव्हते. झाले होते ते असे की, ज्या वाक्यावर प्रेक्षक हसतात ते वाक्य आता नटांना ठाऊक झाले होते, आणि हसू येण्याआधीच ते हसण्यासाठी जागा सोडू लागले होते. ज्या दिवशी प्रेक्षक हसत नसत त्या दिवशी ती जागा रिकामी पडे आणि प्रवेश खाली बसे. एका भांडणाच्या प्रवेशात दोघांपैकी एकाने विराम वाढवला, म्हणून दुसऱ्यानेही उत्तर देण्याआधी विचार केल्यासारखे दाखवायला सुरुवात केली. दोघेही आपापल्या जागी अतिशय प्रामाणिक होते. विंगेतून बघणाऱ्या माझ्यासारखीला तर ते अधिक चांगले वाटत होते. अंक मात्र लांबला होता, आणि घड्याळाला कोणाच्या प्रामाणिकपणाशी देणेघेणे नसते.

व्यवस्थापकांनी यावर काय केले, हे माझ्या मते नाट्यशिक्षणात एका स्वतंत्र तासाचा विषय व्हावे. त्यांनी कोणालाही विराम कमी करा असे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मेकअप रूममध्ये प्रयोगाच्या पुरेशी आधी जाऊन, दोघांपैकी एकाच नटाला, तेही एकट्याला गाठून, त्यांनी एवढेच विचारले की, भांडणात तुम्हाला खोलीतून निघून जायची घाई असते, असे दिग्दर्शकांनी तालमीत म्हटल्याचे माझ्या वहीत आहे, ते अजून तसेच धरायचे का? त्या रात्री प्रवेश पूर्ववत झाला, कारण एकाला घाई झाल्यावर दुसऱ्याला सावकाश उत्तर देणे शक्यच राहिले नाही. सूचना कोणाला द्यायची, कधी द्यायची, आणि स्वतःचे मत न सांगता दिग्दर्शकाचे म्हणणे पुन्हा कसे जागे करायचे, हे कौशल्य पाठ्यपुस्तकातून येणे कठीण आहे. प्रयोगाच्या ऐन तोंडावर, नट वेशभूषेत उभा असताना, कोणतीही सूचना द्यायची नाही, हा नियमही मला तिथेच कळला.

पुनरावृत्तीचा हा प्रश्न क्षुल्लक नाही आणि केवळ तंत्रज्ञांचा तर मुळीच नाही. ज्या रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींची अभिनयपद्धत आम्ही पहिल्या वर्षापासून शिकतो, त्यांच्या विचाराला चालना याच प्रश्नाने मिळाली. १९०६ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये विश्रांती घेत असताना त्यांच्या लक्षात आले की, वर्षानुवर्षे केलेल्या, एकेकाळी जिवंत असलेल्या आपल्या भूमिका आता निव्वळ सवयीच्या हालचाली झाल्या आहेत. बाहेरचे सगळे शाबूत आहे आणि आतले कधीच निघून गेले आहे. पुढच्या सगळ्या शोधाची सुरुवात त्या अस्वस्थतेत आहे. आम्ही त्यांची उत्तरे अभ्यासतो, पण ज्या परिस्थितीत त्यांना तो प्रश्न पडला ती परिस्थिती, म्हणजे तीच भूमिका पुन्हा पुन्हा करण्याची, आमच्यापैकी बहुतेकांनी अनुभवलेलीच नसते. मग ती उत्तरे आम्हाला परीक्षेपुरती उरतात, यात नवल ते काय?

दिग्दर्शन शिकणाऱ्यांसाठी तर नाटक चालू असतानाचा काळ अधिकच मोलाचा आहे. मी ज्या नाटकावर होते त्यात दोन प्रवेश तालमीत सारखेच परिणामकारक वाटले होते. एक प्रवेश नटीच्या त्या त्या क्षणीच्या भावावस्थेवर उभा होता. तिने खिडकीशी उभे राहायचे आणि काही न करता आठवणीत हरवायचे. दुसऱ्यात तिला वाळलेले कपडे घडी करून पेटीत ठेवायचे होते, आणि शेवटचा कपडा ठेवून झाल्यावर पेटी बंद करत वाक्य म्हणायचे होते. शुभारंभाला पहिल्या प्रवेशाची वाहवा झाली. काही आठवड्यांनी तोच प्रवेश एखाद्या रात्री विलक्षण होई आणि एरवी निर्जीव, तर कपड्यांच्या घड्या घालण्याचा प्रवेश एकाही रात्री पडला नाही, कारण मन थाऱ्यावर नसले तरी हातांना काम होते आणि कामाच्या मागोमाग मन येत असे. केवळ शुभारंभ पाहून परतलेल्या भावी दिग्दर्शकाला आपल्या कामातले काय टिकते आणि काय विरते, हे कळण्याचा मार्गच नसतो. तो आयुष्यभर खिडकीचे प्रवेश बसवत राहण्याची शक्यता मला बरीच मोठी वाटते.

बॅकस्टेजच्या रोजच्या कामाला आम्ही विद्यार्थी कंटाळवाणे म्हणतो, आणि ते कंटाळवाणे आहेच. प्रेक्षकांसाठी दारे उघडण्याआधी प्रत्येक दिवा मंद लावून तो जळालेला नाही ना हे पाहणे, सरकलेला दिवा पुन्हा जागेवर आणणे, ध्वनीची प्रत्येक वाहिनी ऐकणे, प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, टेबलावर टेपने आखलेल्या आणि नाव लिहिलेल्या प्रत्येक चौकोनात ती ती वस्तू आहे की नाही हे यादीशी ताडून पाहणे, आणि मध्यंतरात हेच सगळे पुन्हा करणे. माझ्याकडे एक पत्र होते. नाटकात ते वाचले जाते आणि फाडले जाते, म्हणजे प्रत्येक प्रयोगाला नवे पत्र लागे. कागद कोरा ठेवला तरी प्रेक्षकांना कळणार नाही, असा विचार करून आधीच्या कोणीतरी नुसत्या रेघोट्या मारलेली पत्रे करून ठेवली होती. नटाने ती परत पाठवली. त्याला पूर्ण मजकूर हवा होता, त्याच हस्ताक्षरात, त्याच ठिकाणी खाडाखोड असलेला; शिवाय फाडताना आवाज यावा म्हणून कागद थोडा जाड हवा होता आणि घडी आधीच घातलेली हवी होती, कारण पत्र त्या पात्राने यापूर्वी पुष्कळदा वाचलेले असते. मी ती पत्रे लिहीत गेले. कागदाचा नवा गठ्ठा आला तेव्हा तो आधीच्यापेक्षा किंचित पातळ निघाला, आणि त्या रात्री प्रयोग संपल्यावर नटाने सर्वांत आधी विचारले ते कागदाबद्दल. दोन्ही कागदांतला फरक प्रेक्षकांना कळला असेल असे मला वाटत नाही. नटाला कळला होता, आणि त्याचे काम त्या कागदावर अवलंबून होते.

सुरक्षिततेविषयी मात्र जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडून विद्यार्थी व्यावसायिक रंगमंचावर पाठवला जातो तेव्हा त्याला याची जवळजवळ काहीच कल्पना नसते. पडदे आणि नेपथ्याचे भाग वर-खाली करणारी प्रतिभाराची व्यवस्था घ्या. रंगमंचावर टांगलेल्या दांडीला जेवढा भार, तेवढीच वजने दोराच्या दुसऱ्या टोकाच्या चौकटीत, म्हणजे एका माणसाला तो सगळा भार हाताने हलवता येतो. हे शाळेतल्या विज्ञानाइतके सोपे आहे. धोका भार चढवताना आणि उतरवताना असतो. चढवताना दांडी खाली, जमिनीजवळ असते आणि वजनांची चौकट अगदी वर. अशा वेळी आधी दांडीला नेपथ्य बांधायचे आणि मगच चौकटीत वजने घालायची. उतरवताना आधी वजने काढायची आणि मगच नेपथ्य सोडवायचे. क्रम उलटला की वरची बाजू जड होते, चौकट वेगाने खाली येते आणि दांडी तितक्याच वेगाने वर जाते, आणि ती अडवणे माणसाच्या ताकदीबाहेरचे असते. जड बाजू नेहमी तळाशी असली पाहिजे, कारण तळाशी असलेल्या वस्तूला आणखी खाली जायला जागा नसते. हे मला पहिल्या दिवशी समजावले गेले, आणि नाटक उतरवण्याच्या दिवशी, मला ते पूर्ण ठाऊक आहे असे म्हटल्यावरही, शब्दशः पुन्हा समजावले गेले.

ते पुन्हा सांगणे मला महत्त्वाचे वाटते. नवख्या माणसाला भीती असते, म्हणून तो जपून वागतो; सवय झाली की भीती जाते आणि पाळायचे नियम त्रासदायक वाटू लागतात. विंगेतील वाट अडवणारी खुर्ची थोडा वेळ तिथेच राहू दिली जाते, बाहेर जाण्याच्या दारापुढे पेट्या रचल्या जातात, आगपडद्याच्या, म्हणजे आग लागल्यास रंगमंच आणि प्रेक्षागृह यांमध्ये सोडायच्या पडद्याच्या, वाटेत एखादा दिवा डोकावतो. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या प्रयोगात आर्क दिव्याच्या ठिणगीने पडद्याला आग लागली, आगपडदा खाली येताना मध्येच अडकला, बाहेर पडण्याची कित्येक दारे कुलूपबंद होती किंवा लोकांना उघडता आली नाहीत, आणि ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते नाट्यगृह उघडून दीड महिनाही झाला नव्हता आणि त्याची जाहिरात अग्निरोधक म्हणून करण्यात आली होती. रेटा दिल्यावर बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे आणि मोकळ्या वाटा यांविषयीचा आजचा कडकपणा अशा दुर्घटनांमधून आलेला आहे. आमच्या व्यवस्थापक प्रत्येक प्रयोगाआधी स्वतः जाऊन प्रत्येक दार ढकलून पाहत, आणि काही दिवसांनी ते काम माझ्याकडे आल्यावरही माझ्यानंतर पुन्हा ढकलून पाहत. मला त्याचा राग आला नाही, हे इथे नमूद करते, कारण इंटर्नवर विश्वास टाकावा असा आग्रह धरणारे आमचेच शिक्षक अशा प्रसंगी संस्थेविषयी नाराजी व्यक्त करतात.

चालू नाटकात आणखी एक गोष्ट पाहायला मिळते, ती म्हणजे बदली नटाचा प्रयोग. एका संध्याकाळी एक नट तापाने येऊ शकला नाही आणि पर्यायी नटाला उभे करावे लागले. दिग्दर्शक गावात नव्हते. उरलेल्या थोड्या तासांत त्या नटाला सगळ्या हालचाली पक्क्या करायच्या होत्या, आणि त्या सगळ्यांना पाठ असल्या तरी सांगताना प्रत्येक जण वेगवेगळे सांगत होता. शेवटी सगळ्यांना गप्प करून प्रॉम्प्ट बुक उघडले गेले आणि त्यात जे लिहिले होते तेच खरे धरले गेले. तालमीच्या काळात ब्लॉकिंगची, म्हणजे नटांच्या ठरलेल्या हालचालींची, खूण इतक्या काटेकोरपणे का लिहायची, एखाद्या खुर्चीच्या कोणत्या बाजूने जायचे हेही का नोंदायचे, असा प्रश्न मी मनात कितीदा विचारला होता. त्या नोंदी दुसऱ्या कोणासाठी तरी लिहिल्या होत्या, जो तालमीत नव्हता आणि ज्याला विचारायला वेळ नसणार होता.

आता आपल्या बाजूच्या अडचणींकडे येते. सत्राच्या वेळापत्रकात इतका मोठा काळ बसत नाही, हा पहिला आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. तालमींच्या आणि विशेषतः तांत्रिक तालमींच्या काळात इंटर्न सकाळपासून रात्रीपर्यंत अडकलेला असतो, आणि नेमक्या त्याच काळासाठी आपण त्याला वर्गातून मोकळे करतो. नाटक सुरू झाल्यावर काम दुपारनंतर सुरू होते. सकाळचे तास तो बसू शकतो, फक्त रात्री उशिरा घरी परतणाऱ्याला भल्या पहाटेचा तास लावू नये, एवढी दया हवी. शिवाय सगळेच प्रयोग त्याने करावेत असेही नाही. आठवड्यातले काही प्रयोग, पण शेवटपर्यंत, इतके पुरेसे आहे. दुसरा आक्षेप असा की, इतका काळ विद्यार्थी फुकटात राबवला जाईल. ही भीती खरी आहे. म्हणून विभागाने संस्थेशी लेखी ठरवावे की इंटर्न पगारी माणसाच्या जागी वापरला जाणार नाही, त्याच्या कामाचे तास मर्यादित राहतील, प्रयोगाच्या रात्री त्याच्या परतण्याची सोय असेल, संस्थेला शक्य असेल तिथे त्याला मानधन मिळेल, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव येईल. असा करार न करता विद्यार्थी पाठवणे मला आजच्या अल्प मुदतीतही अयोग्य वाटते. तो कधी झेरॉक्स काढत बसतो, कधी पत्रकांवर पत्ते चिकटवत बसतो, आणि प्रमाणपत्रावर मात्र त्याचे आणि नाटकावर खरोखर राबलेल्या विद्यार्थ्याचे काम सारखेच दिसते.

मूल्यमापनाचीही पद्धत बदलावी लागेल. आज आम्ही शेवटी एक निबंध लिहितो, ज्यात नाटकाचे रसग्रहण असते, संस्थेचे आभार असतात आणि आपण किती समृद्ध झालो याचे वर्णन असते. तो निबंध रुजू होण्याआधीही लिहिता येईल, आणि काही जण तो तसाच लिहितात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्याऐवजी विद्यार्थ्याने लिहिलेले प्रयोग-अहवाल पाहावेत. त्यांत भाषासौंदर्य नसेल, पण पहिल्या आठवड्यातल्या अहवालात ‘प्रयोग छान झाला’ असे लिहिणारा विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात ‘दुसऱ्या अंकात तिसऱ्या क्यूनंतर वेग मंदावला, खिडकीपाशी विराम वाढला’ असे लिहू लागला असेल, तर तो काय शिकला हे परीक्षकाला वेगळे विचारावे लागणार नाही. तोंडी परीक्षेत त्याच्यापुढे प्रॉम्प्ट बुकातले एखादे पान ठेवावे आणि त्यावरचे क्यू हेडसेटवर द्यायला सांगावे, चालू प्रवेशाचे चित्रीकरण समोर लावून. शब्द योग्य क्षणी सुटतो की नाही, हे पाच मिनिटांत कळेल.

हे बदल सगळे एकदम करता येणार नाहीत, याची मला जाणीव आहे. म्हणून पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी निदान एवढे तरी करावे: इंटर्नशिपच्या नियमावलीत जिथे ‘शुभारंभाच्या प्रयोगापर्यंत’ असे शब्द आहेत, तिथे ‘नाटकाच्या शेवटच्या प्रयोगापर्यंत अथवा सत्रसमाप्तीपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर’ असे शब्द घालावेत, आणि मार्गदर्शक म्हणून दिग्दर्शकाऐवजी रंगमंच व्यवस्थापकाचे नाव लिहिण्याची मुभा द्यावी. मी लिहिलेल्या अहवालांच्या प्रती, त्यांतील व्यक्तींची नावे वगळून आणि संस्थेची लेखी संमती घेऊन, विभागाकडे जमा केल्या आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत त्या पाहिल्या जाव्यात, आणि काही विचारायचे असल्यास मला बोलवावे, ही विनंती.

आपली नम्र,
नाट्यशास्त्र विभागाची एक विद्यार्थिनी